कोपरा नसलेला पाय

ठाण्यात राम मारुती रस्त्याने किंवा गोखले रस्त्याने चालताना दुकानांच्या पाट्या नीट पाहिल्या, तर गेल्या काही वर्षांतला एक बदल लगेच लक्षात येतो. २०२२ मध्ये महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाटीवर देवनागरीतील मराठी नाव असणे, तसेच ते इतर लिपीतील नावापेक्षा लहान नसणे बंधनकारक झाले. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि राहिलेल्यांपैकी अनेकांनी पाट्या बदलून घेतल्या. मराठी नाव आकाराने मोठे झाले याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु त्या नावाचे वळण कसे असावे, याचा विचार फारच थोड्या पाट्यांवर झालेला दिसतो. सराफाच्या दुकानाचे इंग्रजी नाव नाजूक सेरिफ, म्हणजे टोकांना छोट्या आडव्या रेघा असलेल्या, अक्षरांत असते आणि त्याच्या डोक्यावर मराठी नाव सरसकट एका जाडीच्या, कोरड्या अक्षरांत बसवलेले असते. उलट एखाद्या दवाखान्याचे इंग्रजी नाव साध्या, अशा रेघा नसलेल्या सॅन्स सेरिफमध्ये असते आणि मराठी नाव मात्र लग्नपत्रिकेत शोभेल अशा जाड-बारीक वळणात. दोन्ही नावे एकाच दुकानाची आहेत, हे वाचून कळते. पाहून कळत नाही.

मी अक्षररचनेचे काम करते आणि सध्या देवनागरी व रोमन या दोन्ही लिपींसाठी एकच अक्षरकुटुंब, म्हणजे एकाच वळणाच्या फाँटचा संच, रेखाटते आहे. त्याची जागा सेरिफ आणि सॅन्स सेरिफ यांच्या मध्ये असावी, अशी माझी इच्छा आहे. पाटीवर ते ठसठशीत दिसावे, पुस्तकाच्या पानावर थकवू नये आणि दोन लिपी शेजारी बसल्या असता त्यांचे नाते डोळ्याला जाणवावे. ही मधली जागा नेमकी कोठे आहे, हे शोधताना जे हाती लागले ते येथे सविस्तर मांडते, कारण मराठीत या विषयावर तपशिलाने लिहिलेले फारसे वाचायला मिळत नाही.

सेरिफ म्हणजे अक्षराच्या रेघेच्या टोकाशी काढलेली आडवी छोटी रेघ किंवा पाचर. रोममधील ट्रेजनच्या स्तंभावरील इसवी सन ११३ चा शिलालेख हा तिचा आदर्श नमुना मानला जातो. छपाईच्या खिळ्यांमधून ही टोके प्रथम वगळली गेली ती १८१६ च्या सुमारास, लंडनमधील चौथ्या विल्यम कॅसलनच्या नमुनापुस्तकात. तेथे सॅन्स सेरिफचा फक्त मोठ्या अक्षरांचा एक संच दिसतो. त्यानंतरच्या दोनशे वर्षांत या दोन पद्धती जणू दोन पक्ष असल्यासारख्या वागवल्या गेल्या, आणि त्यांच्या मधली वाट धरणारे मोजकेच लोक झाले. त्यांपैकी तिघांच्या कामाकडे मला वारंवार परतावे लागते.

पहिला ओट्ल आयखर. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या रोटिस या कुटुंबात चार भावंडे आहेत: सॅन्स, सेमी सॅन्स, सेमी सेरिफ आणि सेरिफ. यांतील सेमी सेरिफमध्ये काही टोकांना सेरिफ आहे, काहींना नाही. म्हणजे मधली जागा टोकांच्या वाटणीतून साधलेली आहे. कल्पना अतिशय बुद्धिमान आहे, परंतु ओळ वाचताना डोळा एका टोकाशी अडतो आणि दुसऱ्याशी घसरतो, असे मला प्रत्येक वेळी जाणवते. दुसरा हेर्मान त्साफ. १९५० मध्ये फ्लॉरेन्समधील सांता क्रोचे या चर्चमध्ये त्याने थडग्यांच्या फरशांवरील अक्षरे पाहिली आणि जवळ दुसरा कागद नसल्यामुळे हजार लिरांच्या नोटेवर ती टिपून घेतली. त्या टिपणातून घडलेली ऑप्टिमा १९५८ मध्ये बाजारात आली. ऑप्टिमात सेरिफ नाही, पण तिच्या उभ्या रेघांच्या कडा सरळही नाहीत. त्या मध्यावर किंचित आत जातात आणि टोकांशी किंचित बाहेर येतात. वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम युद्धस्मारकावर ५८ हजारांहून अधिक नावे याच अक्षरांत कोरलेली आहेत, आणि काळ्या दगडावर ती ज्या शांतपणे उभी आहेत ते पाहिले, की या वळणाची ताकद कळते. तिसरा बेर्टोल्ड वोल्पे. तो धातूच्या पत्र्यावर अक्षराभोवतीची जागा खोदून अक्षर उठावदार करीत असे, आणि त्या कामातूनच १९३० च्या दशकात त्याचे अल्बर्टस घडले. लंडन शहराच्या जुन्या भागात रस्त्यांच्या नामफलकांवर ते आजही दिसते.

या तिघांच्या कामातून मला जो निष्कर्ष काढावासा वाटतो, त्याची खात्री संगणकावर फार लवकर पटते. २०१६ मध्ये व्हेरिएबल फाँटचे तंत्र जाहीर झाले आणि दोन टोकांच्या रेखाटनांमधील कोणतीही अवस्था गणिताने काढणे सर्वांच्या आवाक्यात आले. एका टोकाला सेरिफ असलेले अक्षर ठेवावे, दुसऱ्या टोकाला तेच अक्षर सेरिफशिवाय ठेवावे, दोहोंतील बिंदूंची संख्या व क्रम सारखा ठेवावा आणि सरकपट्टी मध्यावर आणावी. जे दिसते ते मधले अक्षर नसते. ते तुटक्या सेरिफचे अक्षर असते. हजार एककांच्या चौकटीत साठ एककांची असलेली सेरिफ तीस एककांची होते, तिची जाडी कमी होते, पण ती जेथे उभ्या रेघेला मिळते तेथील कोपरा जसाच्या तसा राहतो. वाचणाऱ्याच्या डोळ्याला सेरिफची लांबी गौण असते. तो कोपऱ्याची दखल घेतो, आणि कोपरा अर्धा होत नाही. तो असतो किंवा नसतो. म्हणून मधली जागा सरासरी काढून सापडत नाही. रेघ आपल्या टोकाकडे जाताना कोठेही न मोडता रुंद होत गेली, तरच ती जागा मिळते, आणि ऑप्टिमात नेमके हेच घडलेले आहे.

हे झाले रोमन लिपीचे. देवनागरीत हाच प्रश्न मांडला की त्याचे स्वरूप पार बदलते, आणि माझ्या कामातील खरा आनंद येथून सुरू होतो.

रोमन अक्षराच्या उभ्या रेघेला वर आणि खाली अशी दोन मोकळी टोके असतात. देवनागरीच्या दंडाचे, म्हणजे उभ्या रेघेचे, वरचे टोक मोकळे नसतेच. ते शिरोरेषेत गेलेले असते. ही शिरोरेषा आली कोठून, हे पाहिले तर आणखी मौज आहे. ब्राह्मी अक्षरांना डोक्यावर रेघ नव्हती. पुढील शतकांत अक्षराच्या माथ्याशी एक लहान जाडसर चिन्ह, पाचर किंवा त्रिकोण दिसू लागला. तो हळूहळू आडवा पसरला आणि नागरीत शेजारच्या अक्षराच्या रेघेला जाऊन मिळाला. म्हणजे आपल्या लिपीत माथ्याकडील टोकाचा अलंकार वाढत वाढत लिपीचा कणाच होऊन बसला आहे. तेव्हा देवनागरीचे वळण सेरिफ की सॅन्स सेरिफ, हा प्रश्न विचारताना अर्धे उत्तर लिपीने आधीच देऊन टाकलेले असते. उरतो तो दंडाचा पाय, आणि काही सुटी टोके.

पण पायही सगळ्या अक्षरांना नाही. ग, म, न, प, य, स यांना उजवीकडे दंड आहे, क आणि फ यांना मध्ये आहे. ट, ठ, ड, ढ, द, ह, र, ळ, छ यांना शिरोरेषेपासून खाली येणारी जेमतेम एक आखूड रेघ असते, आणि तिच्या खाली सगळी वळणे. दंडाच्या पायाला जे काही करायचे ते करून मोकळे व्हावे, असा विचार केला तर ही अक्षरे कोरडी राहतात. या बाबतीत ठाण्यातील गावांची आणि वस्त्यांची नावे मला उत्तम कसोटी वाटतात. ‘ठाणे’ या शब्दात ठ ला पाय नाही, पण काना आणि ण यांना आहे. ‘ढोकाळी’त ढ आणि ळ दोघेही पायाविना आहेत, तरी काने आणि क शब्दाला सावरून धरतात. ‘पाचपाखाडी’त जवळजवळ सगळीकडे पायच पाय दिसतात. आणि महापालिकेच्या सीमेवरील फलकावर असणारा ‘हद्द’ हा शब्द घ्या: ह आणि द्द, एकही दंड नाही. दंडाच्या पायावरच सगळी भिस्त ठेवली, तर ‘पाचपाखाडी’ एका वळणाची वाटते आणि ‘हद्द’ दुसऱ्याच. म्हणून पायाचे जे रुंदावणे आहे, त्याचाच स्वभाव ह च्या शेपटीत, द च्या खालच्या टोकात, र च्या तंगडीत आणि ट-ठ च्या वळणांत उतरला पाहिजे. हे टोक दंडाइतके रुंद होऊन चालत नाही, कारण वळणातून येणारी रेघ सरळ रेघेपेक्षा आधीच जड दिसते. मी या टोकांचा फैलाव पायाच्या सुमारे दोन तृतीयांश ठेवते.

अंकांची गोष्ट याहून वेगळी आहे. अंकांना शिरोरेषा नाही. त्यामुळे १, २, ३, ६, ९ यांची वरची टोके उघडी पडतात आणि जो प्रश्न अक्षरांत लिपीने सोडवून दिला होता तो येथे पुन्हा उभा राहतो. शेजारी ‘४००६०१’ असा पिनकोड आणि ‘ठाणे’ असा शब्द असेल, तर अंक डोक्याकडून बोडके दिसता कामा नयेत. सगळ्या सुट्या टोकांना सारखाच फैलाव दिला तर अंक भरजरी होतात. माझ्या मते अंकाच्या सुरुवातीच्या टोकाला फैलाव द्यावा आणि शेवटचे टोक निमुळते सोडावे. लिहिताना बोरूचा दाब ज्या क्रमाने पडतो, तोच क्रम येथे डोळ्याला पटतो.

बोरूचे नाव निघाले आहे तर या कामातील सर्वांत अवघड निर्णयाविषयी लिहिले पाहिजे. देवनागरीतील जाड-बारीकपणा बोरूच्या कापातून येतो. रोमन सुलेखनात रुंद निबाची कड डावीकडून उजवीकडे चढती असते. देवनागरीत ती उतरती असते. म्हणून रोमनमध्ये वरून उजवीकडे खाली उतरणारी रेघ जाड होते, तर देवनागरीत तीच बारीक होते. रोमन ‘आर’ आणि देवनागरी ‘र’ शेजारी ठेवून पाहावेत. दोघांचीही तंगडी उजवीकडे खाली जाते, पण पहिल्याची जाड असते आणि दुसऱ्याची बारीक. पायाच्या कापाचेही तसेच. देवनागरी दंडाचा पाय बोरूने लिहिला तर डावीकडून उजवीकडे उतरता कापलेला दिसतो, आणि रोमन उभ्या रेघेचा पाय त्याच्या उलट.

राणोजी रावजी आरू यांनी जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यासाठी घडवलेली अक्षरे ही या बोरूच्या परंपरेचा धातूतील कळस आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ही छपाई मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात भिंगाखाली पाहते तेव्हा प्रत्येक वेळी नव्याने थक्क होते. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे हे मोठे उपकार आहेत, की जुन्या छपाईचा कागद आपल्याला हातात घेऊन पाहता येतो. पडद्यावरील चित्रात शाईचा फुगवटा आणि खिळ्याचा मूळ आकार वेगळे काढता येत नाहीत. कागदावर, उजेड तिरका धरला तर, बरेचदा काढता येतात. आज हीच परंपरा पुढे नेणारे टिरो देवनागरी मराठी हे मुक्त परवान्याचे वळण एका टोकाला ठेवता येईल, आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेले मुक्ता हे जवळजवळ एकसमान जाडीचे, प्रसन्न वळण दुसऱ्या टोकाला. या दोहोंच्या मध्ये देवनागरीपुरती वाट काढायची असती, तर मी बोरूचा काप सौम्य करत गेले असते आणि बहुधा चांगले काहीतरी हाती लागले असते.

परंतु मला रोमनही तेवढ्याच तोलाची हवी आहे. दोन्ही लिपींना आपापल्या लेखणीचा थोडा थोडा काप ठेवला, तर पाटीवर एक ओळ डावीकडे ओढते आणि दुसरी उजवीकडे. वळण जितके सौम्य, तितकी ही ओढाताण अधिक खटकते, कारण ठळक बोरूच्या अक्षरात ती त्या अक्षराची ऐट वाटते आणि सौम्य अक्षरात केवळ चूक. एका लिपीला दुसरीचा काप चढवणे हा तर अन्याय आहे. रोमनच्या कलाने रेखाटलेली, त च्या आणि न च्या वळणात चुकीच्या जागी जाड झालेली देवनागरी आपण जाहिरातींत पाहतो. ती वाचता येते, पण मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्याला ती पाहुण्याच्या तोंडच्या मराठीसारखी वाटते.

यातून वाट दाखवली ती छिन्नीने. दगडात खोदताना रेघेचे टोक स्वच्छ संपवायचे, तर छिन्नी टोकाशी आडवी धरून घाव घालावा लागतो, आणि रेघ तेथे दोन्ही बाजूंना सारखीच पसरते. या पसरण्याला उजवे-डावे नाही. छिन्नीला लिपी ठाऊक नसते. बोरू दोन लिपींना विरुद्ध दिशांना झुकवतो. छिन्नी दोघींना सरळ उभे करते. आपल्याकडे ही परंपरा परकी नाही. ठाणे म्हणजे जुने स्थानक, उत्तर कोकणच्या शिलाहारांचे नगर. आणि त्यांच्याच काळातील, अलिबागजवळच्या अक्षी येथील १०१२ मधला शिलालेख हा मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांपैकी एक मानला जातो. त्या लेखाची अक्षरे मी उचलली आहेत, असे मुळीच नाही. पण दगडात खोदलेली नागरी ही बोरूच्या नागरीइतकीच आपली आहे, ही जाणीव मला धीर देते. म्हणून मी दोन्ही लिपींतील पाय सममित ठेवले: दंड मध्यावर सर्वांत सडपातळ, तेथून खाली येताना दोन्ही कडा सारख्याच बाहेर वळतात, आणि तळ आडवा, पण अगदी किंचित आत दबलेला. जाड-बारीकपणात मात्र प्रत्येक लिपीचा स्वतःचा कल मी राखला आहे, फक्त फार थोडा. र ची तंगडी बारीकच आहे, ‘आर’ची जाडच आहे, परंतु सर्वांत जाड आणि सर्वांत बारीक रेघेतील फरक इतका कमी आहे, की तो दिसण्याआधी जाणवतो.

शिरोरेषेला मी हात लावलेला नाही. तिच्या दोन टोकांना, म्हणजे शब्दाच्या आरंभी आणि शेवटी, फैलाव देण्याचा मोह होतो. तांत्रिकदृष्ट्या ते शक्यही आहे: शब्दारंभीचे आणि शब्दान्तीचे अक्षर ओळखून त्याचे वेगळे रूप बसवता येते. पण शिरोरेषा ही अक्षराची नव्हे, शब्दाची रेघ आहे. तिच्या टोकांना रुंद केले की प्रत्येक शब्द एखाद्या चौकटीत घातल्यासारखा दिसतो आणि ओळीचा प्रवाह तुटतो. शिरोरेषा सरळ, दंडाहून थोडी बारीक आणि टोकाशी काटकोनात कापलेली: एवढेच तिला पुरे आहे.

गाठींविषयी मात्र थोडे थांबले पाहिजे. म, भ, न, ग, श यांच्या गाठी हे देवनागरीचे डोळे आहेत. बोरूच्या वळणात त्या भरीव असतात, एकसमान जाडीच्या वळणात त्यांचे पोकळ फासे होतात. मधल्या वळणात काय करावे? पोकळ फासा लहान आकारात बुजतो आणि काळा ठिपका होतो. पूर्ण भरीव गाठ नाजूक अक्षरात फार बोलते. मी गाठ भरीव ठेवली, पण तिचा आकार गोल न ठेवता पाचरीचा केला, म्हणजे पायाच्या फैलावाशी तिचे नाते जुळते. न च्या गाठीत हे अगदी सहज बसले. म च्या गाठीत ते बसायला फार वेळ लागला, कारण तेथे रेघ गाठीत शिरते आणि तेथूनच बाहेर पडते. पाचरीची एक बाजू थोडी गोलसर ठेवल्यावर ती शांत झाली. मराठी वाचकासाठी ल पाकळीचा आणि श देठाचा असावा, हे तर उघडच आहे. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयातही तेच रूप सांगितलेले आहे. देठाच्या श ची गाठ आणि पाकळीच्या ल ची वळणे पाचरीच्या न्यायाने काढताना फार सुंदर दिसतात, आणि हे हिंदीच्या रूपांत साधले नसते, असे मला वाटते.

आता पायामुळे उद्भवणारी अडचण. उकार, ऊकार आणि ऋकार दंडाच्या पायालाच जोडले जातात. रुंद झालेल्या पायाला उकार जोडला की जोडाच्या जागी मांसल गोळा तयार होतो. ‘कु’, ‘मु’, ‘पु’ ही अक्षरे घोट्याशी सुजल्यासारखी दिसतात. सरळ दंडाच्या वळणात ही अडचण येतच नाही, त्यामुळे याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. उपाय एकच आहे. दंड असलेल्या प्रत्येक अक्षराचे एक जास्तीचे रूप काढायचे, ज्यात पाय सरळ आहे. आणि पुढे उकार, ऊकार किंवा ऋकार आला की तेच रूप बसावे, असा नियम फाँटमध्ये लिहायचा. ‘मुंब्रा’ या शब्दात हा नियम आणि ब्र मधील तिरकी रेघ या दोन्हींची परीक्षा एकदम होते, कारण तेथेही र ची रेघ दंडाला पायाजवळच मिळते. जोडाक्षरांची यादी या पद्धतीने चांगलीच लांबते. पण मराठीत उकार किती वेळा येतो याचा विचार केला, तर येथे श्रम वाचवणे म्हणजे संपूर्ण वळणाशी बेइमानी ठरेल.

एवढी काळजी घेतलेला हा फैलाव प्रत्यक्षात किती दिसतो, याचे गणित प्रत्येक अक्षररचनाकाराने एकदा मांडून पाहावे. माझ्या नेहमीच्या वजनाच्या, म्हणजे नेहमीच्या जाडीच्या, मूळ रेखाटनात हजार एककांच्या चौकटीत दंडाची जाडी ८६ एकके आहे आणि पायाशी ती ११० होते. म्हणजे प्रत्येक बाजूला १२ एकके. सोळा पिक्सेलच्या मजकुरात एक पिक्सेल साडेबासष्ट एककांचा असतो, म्हणजे हा फैलाव एका पिक्सेलच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी. साध्या संगणकाच्या पडद्यावर तो करड्या छटेचा एक पुसट ठिपका होऊन राहतो. नव्या मोबाइलवर तीनपट घनतेमुळे तो अर्ध्या पिक्सेलच्या थोडा वर जातो. बारा पॉइंटांत, दर इंचाला ३०० ठिपक्यांच्या घरगुती छपाईयंत्रावर तो अर्ध्या ठिपक्याच्या जरा पुढे जातो. छापखान्याच्या २४०० ठिपक्यांच्या प्लेटवर तो जवळजवळ पाच ठिपक्यांचा होतो आणि खऱ्या अर्थाने आकार धारण करतो. आणि पाटीवर, जेथे अक्षराची चौकट ३०० मिलिमीटर आहे, तेथे तोच फैलाव प्रत्येक बाजूला साडेतीन मिलिमीटरांहून अधिक भरतो आणि रस्त्याच्या पलीकडून ओळखू येतो.

ऑप्टिमाच्या वाट्याला पडद्यांच्या सुरुवातीच्या काळात हेच दुःख आले. धातूच्या खिळ्यावर आणि दगडावर रेघेच्या कडेची जी कमान इतकी बोलकी होती, ती जाडसर पिक्सेलांच्या जाळीत एक तर नाहीशी झाली किंवा रेघेच्या मध्येच पायरी होऊन उमटली. म्हणून मी फैलावाला एक ठरीव आकडा न मानता आकारानुसार बदलणारे मान मानले आहे. मजकुराच्या आकारात पाय ८६ वरून १३० पर्यंत जातो आणि रुंद होण्याची सुरुवात दंडाच्या खालच्या चौथ्या हिश्श्यात होते. पाटीच्या आकारात तो १०६ वरच थांबतो आणि कमान जवळजवळ अर्ध्या दंडापासून सुरू होते. दोन्ही रेखाटने शेजारी मोठी करून पाहिली तर ती वेगळी वाटतात, आपापल्या आकारात पाहिली तर एकच वाटतात. व्हेरिएबल फाँटमध्ये आकाराचा स्वतंत्र अक्ष ठेवता येतो, आणि त्या तंत्राचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा उपयोग हाच आहे.

पाटीच्या रूपासाठी आणखी एक गोष्ट शिकावी लागली, आणि ती शिकवली वागळे इस्टेटमधील एका कारागिराने. तो अ‍ॅक्रिलिकची अक्षरे राउटरवर, म्हणजे फिरत्या पात्याच्या यंत्रावर, कापतो. मी नेलेला छापील नमुना पाहून त्याने बोट ठेवले ते अक्षराबाहेरील कोपऱ्यांवर नव्हे, तर आतील खाचांवर: “ताई, बाहेरचा कोपरा जेवढा धारदार मागाल तेवढा देईन, पण आतल्या खाचेत पातं गोलच फिरणार.” राउटरचे पाते गोल असते, त्याच्या अर्ध्या व्यासापेक्षा लहान आतला कोपरा ते कापूच शकत नाही. घ आणि ध यांच्या अंतर्वळणांत, क्ष च्या पोटात, द्ध च्या सांध्यात अशा खाचा पुष्कळ आहेत. यंत्र त्या आपल्या मर्जीने गोल करणार असेल, तर तो गोलवा रेखाटनातच ठरवून दिलेला बरा, म्हणजे प्रत्येक अक्षरात तो सारखा राहतो. पाटीच्या रूपात मी सगळ्या आतील खाचा गोल केल्या आहेत. आणि आनंदाची गोष्ट अशी, की ज्या पायाला मुळात कोपराच नाही त्याच्याशी या गोल खाचा फार छान जुळल्या.

रोमन बाजूचे काम त्या मानाने सरळ गेले. शिरोरेषेची उंची रोमनच्या लहान अक्षरांच्या उंचीपेक्षा वर आणि मोठ्या अक्षरांपेक्षा खाली ठेवली, दंडांच्या जाडीत दोनचार एककांचा फरक केला, आणि रोमनच्या वरच्या टोकांना पायापेक्षा कमी फैलाव दिला. वर शिरोरेषा नसल्यामुळे दोन्हीकडे सारखा फैलाव दिला तर ती अक्षरे डमरूसारखी दिसू लागतात.

सध्या जाड वजनाचे रेखाटन चालू आहे आणि तेथे गाठींनी पुन्हा डोके वर काढले आहे. दंड १६० एककांवर गेला की म आणि भ यांच्या पाचरी शेजारच्या दंडाला टेकू लागतात. पाचर लहान केली तर अक्षर कृश दिसते, अक्षर रुंद केले तर ‘ममता’सारखा शब्द ओळीबाहेर धावतो. भ मध्ये पाचरीची खालची बाजू कापून आत पांढऱ्या रेघेएवढी जागा सोडल्यावर अक्षर मोकळे झाले आहे, आणि आता हाच उपाय झ व श्र यांना लावून पाहते आहे. ही अक्षरे बसली की नेहमीचे आणि जाड अशी दोन वजने मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध करण्याचा विचार आहे, म्हणजे पाट्या घडवणाऱ्यांना ती विनामूल्य वापरता येतील आणि एखाद्या अक्षरात काही खटकले, तर ते दुरुस्त करून घेण्याचीही मुभा राहील.